चेंडूला कोपर दिसत नाही

चाळिशीत गोल्फ शिकायला निघालेल्या माणसाच्या हाती पहिल्या महिन्यात काय पडतं? आज्ञांची यादी. डोकं हलवू नका. डावा हात सरळ ठेवा. उजवं कोपर बरगडीलगत हवं. खाली येताना आधी कंबर, मागून खांदे. मनगटं उशिरा सोडा. वजन पुढच्या पायावर न्या. यातली प्रत्येक आज्ञा कुठल्या ना कुठल्या थोर खेळाडूच्या छायाचित्रावरून उचललेली असते आणि वर्णन म्हणून ती बहुधा खरीही असते. तरी ही यादी पाठ केलेला माणूस ड्रायव्हिंग रेंजवर एकामागून एक चेंडू उजवीकडे भरकटवत राहतो, नाहीतर चेंडूच्या डोक्यावरून क्लब घसरतो आणि चेंडू जमिनीलगत घरंगळत जातो. मग यादीत आणखी एका आज्ञेची भर पडते. माझं म्हणणं असं, की प्रौढ नवशिक्याचा स्विंग सुधारत नाही याचं मुख्य कारण त्याच्या वयात, आखडलेल्या कमरेत किंवा कमी पडणाऱ्या चिकाटीत शोधू नये. त्याचं लक्ष भलतीकडे असतं, आणि ते तिकडे असावं असंच त्याला शिकवलेलं असतं. सगळं ध्यान शरीराच्या आकारावर खर्च होतं. क्लब आणि चेंडू यांची गाठ जिथे पडते, त्या ठिकाणासाठी काही उरतच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जरा अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण महाराष्ट्रात बहुतेकांची गोल्फशी ओळखच उशिरा होते. मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा; येरवड्याचं मैदान पूना क्लबचं आणि कुलाब्याचं सेनादलांचं. म्हणजे आत जायचं तर सदस्यत्व हवं, नाहीतर गणवेश. सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानासारखे अपवाद थोडे. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला, पुण्यातच जन्मलेला अनिर्बान लाहिरीही खेळला. पण लहानपणी हातात क्लब आलेली अशी मुलं किती असणार? बाकीच्यांना नोकरीतली बढती, कंपनीची स्पर्धा किंवा गुडघ्यांनी टेनिसला दिलेला नकार इथवर आणून सोडतो. हा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्यापाशी शाळा-कॉलेजातलं क्रिकेट असतं, खुर्चीत घालवलेली वर्षं असतात, आणि मुख्य म्हणजे कुठलीही गोष्ट शब्दांतून शिकण्याची पक्की सवय असते. हिशेब, कायदा, संगणकाची भाषा, सगळं तो नियम समजून घेऊन शिकला. स्विंगही तसाच शिकता येईल असं त्याला वाटलं तर त्यात नवल नाही. लहान मुलाला कारणं लागत नाहीत. मोठ्याला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. कारणं त्याने जरूर समजून घ्यावीत. फक्त ती चेंडूच्या बाजूने समजून घ्यावीत.

चेंडूच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट फार थोडी आहे. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी त्याची सपाट बाजू, या चेंडूला टेकलेला असतो तो साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. पापणी लवायला याच्या दोनशेपट तरी वेळ जातो. तेवढ्यात क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे जातात आणि मग चेंडू आपल्या वाटेने निघतो. या दोन सेंटिमीटरमध्ये त्याला पाचच गोष्टी कळतात: क्लबचा वेग किती, क्लब कुठल्या दिशेने आणि किती उताराने येतोय, फेसचं तोंड कुठे आहे, फेस मागे किती कललेला आहे, आणि टोला फेसच्या नेमक्या कुठल्या भागावर बसला. डावा हात सरळ होता की वाकलेला, डोकं चार बोटं सरकलं की नाही, हे कळायला त्याच्याकडे काही साधनच नाही. चेंडूला कोपर दिसत नाही. कोपरामुळे या पाचांपैकी काही बदललं तरच कोपराला महत्त्व, एरवी ती तुमची खासगी बाब.

या पाचांतही फेसचं तोंड सर्वांत वरचढ, आणि नेमक्या याच बाबतीत गोल्फच्या पुस्तकांनी कित्येक दशकं उलटी गोष्ट शिकवली. क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि पुढे फेसच्या तोंडाकडे वळतो, असं त्यांत लिहिलेलं असे. २००३ साली सुरू झालेल्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीची डॉप्लर रडारं रेंजवर आली आणि चेंडूचं उड्डाण अचूक मोजता येऊ लागलं. चित्र उलटं निघालं. चेंडूची सुरुवातीची दिशा प्रामुख्याने फेस ठरवतो. ड्रायव्हर या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबच्या बाबतीत जवळपास ८५ टक्के, आयर्न या धातूच्या पातळ पात्याच्या क्लबांच्या बाबतीत थोडी कमी. पुढचं वळण येतं ते फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांत पडलेल्या फरकामुळे. आता नवशिक्याचा नेहमीचा आजार, स्लाइस, घ्या. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून तो पुढच्या वेळी आणखी डावीकडे नेम धरतो आणि क्लब बाहेरून आत ओढतो. फेस मात्र पूर्वीइतकाच उघडा राहतो. मार्ग आणि फेस यांतला फरक वाढतो, स्लाइसही वाढतो, मग तो आणखी डावीकडे नेम धरतो. शहाणा, शिकलेला माणूस वर्षानुवर्षं या चक्रात फिरतो, कारण त्याची दुरुस्ती तर्काला धरून असते आणि तर्काचा आधारच चुकीचा असतो. दोनशे यार्डांवर फेसची एका अंशाची चूक म्हणजे, वळण बाजूला ठेवलं तरी, साडेतीन यार्डांचं अंतर. अशा वेळी त्याला कमरेविषयी बोलून काय साधणार? आघाताच्या क्षणी तुमचा फेस उजवीकडे बघतोय, एवढं एक वाक्य त्याला मिळालं तर निदान दुरुस्ती योग्य दिशेने सुरू होते.

एक आदर्श स्विंग असतो आणि शिकणं म्हणजे त्याच्या जवळ जाणं, या समजुतीला खुद्द व्यावसायिक गोल्फच पाठिंबा देत नाही. जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि मोठा वळसा घेऊन दुसऱ्याच वाटेने खाली येतो. कुठल्याही रेंजवर असा विद्यार्थी आला तर पहिल्याच तासाला त्याला मोडीत काढतील. या स्विंगने त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये ५८ ची फेरी केली. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या इतिहासात त्याहून कमी फटक्यांची फेरी तोवर कुणी केली नव्हती. दुसरं उदाहरण कॅल्विन पीटचं, आणि ते आपल्या विषयाला अधिक जवळचं आहे. लहानपणी त्याचं डावं कोपर मोडलं आणि हात कधीच पूर्ण सरळ झाला नाही. गोल्फ त्याने हाती घेतला तो विशी ओलांडल्यावर. पुढे त्याने पीजीए टूरच्या बारा स्पर्धा जिंकल्या, आणि १९८१ पासून ओळीने दहा वर्षं ड्रायव्हरच्या अचूकतेत तो टूरवर पहिला होता. डावा हात सरळ ठेवा ही गोल्फमधली बहुधा सर्वांत जास्त वेळा उच्चारलेली सूचना असेल, आणि ती पाळणं ज्याला शरीरानेच अशक्य होतं तो माणूस दशकभर सर्वांत सरळ चेंडू मारत होता. कुणी म्हणेल, हे अलौकिक लोक, यांचे दाखले सामान्यांना काय कामाचे? आक्षेप वाजवी आहे. पण मी त्यांच्या प्रतिभेवर दावा उभा करत नाही. या भिन्न स्विंगांची चित्रं शेजारी ठेवली तर वर जातानाच्या वाटा वेगळ्या दिसतात, आणि चेंडूच्या आधीच्या-नंतरच्या हातभर अंतरात मात्र त्या एकमेकींसारख्या होत जातात. हे साम्य शिकण्यासारखं आहे. वेगळेपण ज्याचं त्याचं.

आघात सारखा आणि वाटा वेगळ्या, याची मुळं गोल्फच्या बाहेर सापडतात. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन हा शास्त्रज्ञ हातोड्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कामगारांच्या हालचाली छायाचित्रांतून मोजत होता. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसाचा हात दर वेळी अगदी तसाच फिरत असणार अशी अपेक्षा होती. निघालं ते वेगळंच. घाव दर वेळी नेमका बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची जुळणी दर घावाला थोडी बदलत होती. एका सांध्यात पडलेला फरक दुसरा सांधा भरून काढत होता. कसब म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं नव्हे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणं, असा याचा अर्थ. आता नवशिक्याला कोपर इथे, मनगट तिथे असं बांधून ठेवलं की काय होतं ते पाहा. सांध्यांमधली देवाणघेवाणच थांबते. रेंजवर लाकडासारखे ताठ, एकेका अवयवाचा हिशेब देत फिरणारे स्विंग दिसतात ते यातूनच आलेले असतात.

वेळेचंही एक गणित आहे. जॉन नोव्होसेल यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात व्यावसायिकांच्या चित्रफिती चौकट-चौकट मोजून दाखवलं, की त्यांचा क्लब वर जायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या साधारण एकतृतीयांश वेळात तो चेंडूपर्यंत येतो. खाली येण्याचा हा वेळ पाव सेकंदाच्या आसपास. काही दिसलं, मेंदूने ते ओळखलं आणि स्नायूला आज्ञा दिली, एवढ्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतोच. म्हणजे क्लब एकदा खाली निघाला की जाणूनबुजून काही दुरुस्त करायला वेळ जवळपास शिल्लकच नसतो. कंबर आधी, मनगट उशिरा वगैरे आज्ञा ज्या काळासाठी दिलेल्या असतात, त्या काळात त्या ऐकायला कुणी हजर नसतं. नवशिक्या त्या पाळायचा प्रयत्न करतो तेव्हा बहुधा क्लब अति सावकाश वर नेतो, आणि वर पोचल्यावर एकदम हिसका देतो. स्विंगला लय नसणं म्हणतात ते हेच, आणि त्याचा उगम घाईपेक्षा अति विचारात असतो.

लक्ष कुठे असावं, हे शिकण्याच्या मानसशास्त्राने गोल्फच्याच साधनांनी तपासलं आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फ कधीच न खेळलेल्यांना छोटे पिच फटके शिकवले. एका गटाला हातांच्या फिरण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या फिरण्याकडे. बाकी शिकवणं सारखंच. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ पडले, पुढे सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही. त्याआधी १९९२ मध्ये रिच मास्टर्स यांनी नवशिक्यांना पटिंग शिकवलं. काहींना तंत्राच्या तपशीलवार सूचना दिल्या; काहींना सरावाच्या वेळी मनाला येतील ती अक्षरं मोठ्याने उच्चारत राहायला लावलं, म्हणजे नियम घोकायला डोकं मोकळंच राहू नये. नंतर परीक्षेचा ताण आणला तेव्हा नियम पाठ असलेले अडखळले आणि दुसऱ्या गटाची सुधारणा चालू राहिली. पहिल्या टीवर चार माणसं बघत उभी असताना, रेंजवर बरा दिसणारा स्विंग कुठे गायब होतो याचं हे बऱ्यापैकी उत्तर आहे. ताणाखाली माणूस आपल्या नियमांकडे धावतो, आणि ज्याच्याकडे नियम जास्त त्याचा गोंधळ जास्त.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की पुरावा सगळा एका बाजूचा नाही. २००३ मध्ये पर्किन्स-सेकाटो आणि सहकाऱ्यांना कमी कौशल्याच्या गोल्फरांमध्ये उलटं आढळलं: शरीराच्या हालचालीकडे लक्ष दिल्यावर त्यांच्या फटक्यांत सातत्य वाढलं, तर कसलेल्या खेळाडूंना बाहेर लक्ष ठेवण्याचा फायदा झाला. सायन बायलॉक यांच्या पटिंगच्या प्रयोगांतही नवशिक्यांना घाई केली किंवा त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं की त्यांचा खेळ बिघडला. शिवाय अलीकडच्या फेरतपासण्यांत या क्षेत्रातले प्रसिद्ध झालेले निष्कर्ष एका बाजूला झुकलेले असल्याचं आणि प्रत्यक्ष परिणाम वाटला होता त्याहून बराच लहान असण्याची शक्यता दिसली आहे. मग माझा दावा ढासळतो का? थोडा आखडता घ्यावा लागतो, एवढं मान्य. नवशिक्याने लक्ष देऊ नये, आपोआप होईल, असं म्हणता येणार नाही. त्याला लक्ष द्यावंच लागतं. पण लक्ष द्यावं लागतं म्हटल्यावर ते कशावर द्यायचं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेआधी मघाच्या अर्ध्या मिलिसेकंदाने दिलेलं आहे. क्लब जमिनीला कुठे टेकला, चेंडू फेसच्या कुठल्या भागावर लागला, तो कुठल्या दिशेने निघाला, या गोष्टी तपासता येतात. कोपर योग्य जागी होतं का, हे करणाऱ्याला स्वतःला कळत नाही. त्याला नुसतं वाटतं. वाटणं आणि असणं यांतली दरी चित्रफीत पाहिली की दिसते, आणि जवळपास प्रत्येक नवशिक्या ती पाहून चपापतो.

दुसरा आक्षेप जुन्या शिक्षकांचा असतो, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. पाया कच्चा ठेवून फक्त चेंडूकडे बघायला शिकवलं तर वाईट सवयी हाडीमाशी खिळतात, मग त्या निघता निघत नाहीत. यात तथ्य आहे, पण पाया म्हणजे काय ते आधी ठरवू. ग्रिप, उभं राहणं, नेम आणि पायांच्या संदर्भात चेंडूची जागा, या चार गोष्टी क्लब हलण्याआधी होतात. तेव्हा घाई नसते, हवा तेवढा वेळ असतो, आणि आरशात किंवा काठी आडवी ठेवून त्या पडताळता येतात. जाणीवपूर्वक काटेकोरपणा दाखवण्याची हीच जागा, आणि प्रौढाचा पद्धतशीर स्वभाव इथे कामाला येतो. ग्रिप तर निव्वळ फेसचाच विषय, कारण क्लबला आपला स्पर्श तेवढाच. पण इथेही आंधळं अनुकरण नको. बेन होगन यांचं १९५७ चं पाच धड्यांचं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं आणि ते तसं मोलाचंच आहे. मात्र होगन यांचा आयुष्यभराचा शत्रू होता हुक, म्हणजे डावीकडे वळणारा चेंडू, आणि त्यांची ग्रिप त्याला आवर घालणारी होती. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे पळतो त्याने ती जशीच्या तशी उचलली, तर औषध दुसऱ्याच्या आजाराचं होतं. अशा नवशिक्याने डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडे वळवून धरला तर बऱ्याचदा निम्मा स्लाइस तिथेच संपतो.

क्लब जमिनीला कुठे टेकतो, याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण नवशिक्याचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. चेंडूचा माथाच लागला की शेजारचा हमखास सांगतो: डोकं वर केलंस. बहुतेक वेळा हे निदान चुकीचं असतं. चेंडू हवेत जावा म्हणून माणूस त्याला खालून उचलायला जातो, वजन मागच्या पायावर राहतं, आणि क्लबच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मग क्लब एकतर आधी माती खणतो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या डोक्याला शिवतो. डोकं वर जाणं हा त्याच प्रयत्नाचा शेवट असतो. खरं तर उचलण्याचं काम क्लबच्या कलावर सोपवलेलं आहे. आजकालच्या सात नंबरच्या आयर्नचा फेस तीस अंशांच्या आसपास मागे कललेला असतो. पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा सात नंबर सुमारे चार अंश खाली उतरत असताना चेंडूला भेटतो आणि माती उडते ती चेंडूच्या पुढे. क्रिकेट खेळलेल्याला इथे जादा अडचण येते. फुल फेस दाखवत बॅट रेषेत पुढे नेण्याची शिस्त त्याच्या अंगात मुरलेली असते. गोल्फमध्ये क्लब शरीराभोवती फिरतो आणि फेस त्याच्याबरोबर मिटत जातो. फेस सरळ धरून ठेवण्याचा क्रिकेटी सद्गुण इथे स्लाइस होऊन बाहेर पडतो. उलट क्रिकेटमधून एक गोष्ट जरूर आणावी: टोला बॅटच्या मधोमध बसल्याची हाताला पटणारी खूण. ती ओळख ज्याला आहे तो अर्धा शिक्षक घरूनच घेऊन येतो.

मग सराव कसा करावा? गवतावर पांढऱ्या रांगोळीची एक रेघ ओढावी, चेंडू न ठेवता लहान स्विंग घ्यावेत आणि क्लब रेघेच्या पुढच्या बाजूला टेकतोय का तेवढंच बघावं. शहरातल्या रेंजवर बहुधा रबरी चटई असते आणि ती खोटं बोलते: चेंडूच्या मागे आपटलेला क्लब तिच्यावरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो, गवतावर तोच फटका दहा पावलं जातो. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठसठशीत ठिपका काढून तो फेसकडे ठेवला, की टोला कुठे बसला त्याचा ठसा फेसवर उमटतो. कमरेपासून कमरेपर्यंतच्या स्विंगने हा ठसा मधोमध येऊ लागला की मगच पल्ला वाढवावा. ड्रायव्हर हातात घ्यायची घाई सगळ्यांनाच असते, आणि तिची किंमतही सगळेच मोजतात. पुढचा मुद्दा क्रमाचा. शी आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगाने एक चमत्कारिक गोष्ट दाखवली: तेच ते काम ओळीने करणारे सरावात चांगले दिसतात, पण कामांची सरमिसळ करणाऱ्यांच्या लक्षात शिकलेलं अधिक राहतं. १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर गुड आणि मॅगिल यांना तेच आढळलं. अगदी सुरुवातीला तोच फटका पुन्हा मारायला हरकत नाही. पण चेंडू बरा लागायला लागल्यावर बादलीभर चेंडू एकाच क्लबने, एकाच दिशेला मारणं ही स्वतःची समजूत घालण्याची पद्धत आहे. मैदानावर तोच फटका लागोपाठ दोनदा खेळायची वेळ क्वचित येते. दर चेंडूला क्लब किंवा लक्ष्य बदलावं. रेंजवर खेळ वाईट दिसेल, तो दिसू द्यावा. सिम्युलेटरच्या पडद्यावर प्रत्येक फटक्यानंतर आकडे बघायची सवयही आवरती घ्यावी. सतत मिळणाऱ्या माहितीवर माणूस टेकून राहतो आणि ती काढून घेतल्यावर कोसळतो, हे या क्षेत्रात १९८० च्या दशकापासून मांडलं गेलं आहे. आधी स्वतः सांगावं, टोला कुठे बसला. मग पडदा बघावा.

वयाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. लॅरी नेल्सन व्हिएतनामहून परतल्यावर, एकविसाव्या वर्षी गोल्फ खेळू लागला आणि पुढे त्याने तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पण एकविशी म्हणजे पंचेचाळिशी नव्हे, त्यामुळे हा दाखला मी फार ताणणार नाही. डॅन मॅकलॉफलिनची गोष्ट जास्त बोलकी आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या या छायाचित्रकाराने २०१० मध्ये, तिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि दहा हजार तासांचा सराव करून व्यावसायिक होण्याचा संकल्प जाहीर केला. गोल्फचा अनुभव जवळपास शून्य. सुरुवात त्याने भोकाशेजारी पटर घेऊन केली, आणि महिनोन्‌महिने एकेक टप्पा मागे सरकत गेला. त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला. क्लबांतल्या बहुसंख्य सदस्यांना जन्मभरात जमत नाही इतका. मग सुमारे सहा हजार तासांवर पाठीने असहकार पुकारला आणि २०१५ मध्ये प्रकल्प थांबला. लोक याला अपयश म्हणतात. मला त्यात दोन उपयोगी गोष्टी दिसतात. तिशीतला माणूस शून्यापासून किती दूर जाऊ शकतो हे कळलं, आणि अडथळा कुठला ते कळलं: पाठ मेंदूच्या आधी थकली. छोट्या फटक्यापासून मोठ्याकडे जाण्याचा त्याचा क्रम शिकण्यासाठी योग्यच होता, पण त्यावरून पटिंगमध्येच सगळं आहे असा निष्कर्ष काढू नये. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी प्रचंड प्रमाणावर फटक्यांची नोंद तपासून २०१४ च्या पुस्तकात दाखवलं, की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंतला सुमारे दोनतृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो. म्हणजे लहान स्विंग ही शाळा, आणि परीक्षा मोठ्या स्विंगची.

शरीराचा विचार करायचा तो इथे, दुखापत टाळण्यासाठी. हौशी गोल्फरांच्या दुखापतींमध्ये कमरेचा खालचा भाग कायम वरच्या क्रमांकावर असतो, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची कंबर आधीच बोलत असते. खांदे पूर्ण वळवा आणि कंबर मात्र रोखून धरा, हा आधुनिक आग्रह पंचविशीतल्या व्यावसायिकासाठी ठीक आहे. पन्नाशीतल्या माणसाने वर जाताना डावी टाच खुशाल उचलावी. जॅक निकलसने ती उचलत अठरा मेजर स्पर्धा जिंकल्या. टाच उचलल्याने कंबर मोकळी फिरते, पाठीवरचा ताण कमी होतो, आणि चेंडूला काही कळत नाही. आठवड्यातून एकदा तीनशे चेंडू झोडपण्यापेक्षा तीन वेळा साठ-सत्तर चेंडू मारणं पाठीलाही बरं आणि शिकण्यालाही.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, मग शिक्षक कशाला हवा? हवाच. स्वतःचा फेस आघाताच्या क्षणी कुठे बघतोय हे एकट्याने ओळखणं कठीण, आणि चुकीच्या निदानावर वर्षं घालवणं फार सोपं. फक्त शिक्षक निवडताना पहिल्या तासाला तो काय करतो ते पाहा. चांगला शिक्षक आधी दहा-पंधरा चेंडू मुकाट्याने बघतो, ते कुठून निघाले आणि कुठे वळले ते तुम्हालाच विचारतो, फेसवरचा ठसा बघतो, ग्रिप तपासतो, आणि घरी जाताना एकच काम देतो. जो पहिल्याच अर्ध्या तासात पाच-सहा सूचना देतो, त्याचा अभ्यास कितीही दांडगा असला तरी तो तुमच्या कामाचा नाही. दहा तासांचं पॅकेज घेण्याआधी एका तासाची फी भरून हे पाहून घ्या.